मनगटी घड्याळ निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खिशातल्या फोनवर वेळ दिसते, तरी माणसं मनगटी घड्याळ घेतात आणि घेताना गोंधळतात. मी बरीच वर्षं घड्याळं वापरतो आहे, उघडून बघतो आहे, ओळखीच्यांना निवडायला मदत करतो आहे. त्या काळात पुन्हा पुन्हा कानावर आलेले प्रश्न आणि त्यांची मला पटलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

सुरुवात कुठून करू? आधी ब्रँड ठरवू का?

ब्रँड सगळ्यात शेवटी. आधी मनगट मोजा, मग आपला रोजचा दिवस डोळ्यांसमोर आणा. हात पाण्यात किती वेळा जातो? दिवसभर मनगट कीबोर्डशेजारी टेबलावर टेकलेलं असतं का? बाह्या घट्ट असतात का? जवळचं बघायला चष्मा लागतो का? एवढ्या उत्तरांवर निम्मी घड्याळं आपोआप बाद होतात. डायलवर छापलेलं नाव पहिले काही आठवडे आपल्याला दिसतं, नंतर डोळ्यांना त्याची सवय होते. खुपणारी चेन मात्र रोज खुपते.

क्वार्ट्झ, मेकॅनिकल, ऑटोमॅटिक यांत नेमका फरक काय?

फरक ऊर्जा कुठून येते आणि वेळ कोण मोजतं, यात आहे. क्वार्ट्झ घड्याळात सेल असतो आणि क्वार्ट्झचा एक चिमुकला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा उगाच निवडलेला नाही. तो पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर १ उरतो, म्हणजे सेकंदाला एक ठोका. साधं सर्किट हे काम सहज करतं. अशा तंत्राचं पहिलं मनगटी घड्याळ, सेइकोचं ॲस्ट्रॉन, डिसेंबर १९६९मध्ये विक्रीला आलं आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत घड्याळांचा सगळा धंदाच पालटला.

मेकॅनिकल घड्याळात सेल नसतो. गुंडाळलेली मुख्य स्प्रिंग हळूहळू उलगडते, ती ताकद दातेरी चाकांतून पुढे जाते आणि बॅलन्स नावाचं छोटं चाक मागे-पुढे झुलत ती ठरावीक हप्त्यांत सोडतं. बऱ्याच घड्याळांत हे ठोके तासाला २८,८०० असतात, म्हणजे सेकंदाला ८. म्हणून त्यातला सेकंदकाटा उड्या न मारता सरकताना दिसतो. रोज चावी द्यावी लागते ते हाताने चावी देण्याचं. आत एक अर्धगोल वजन असतं आणि हाताच्या हालचालीने ते फिरून स्प्रिंग आपोआप गुंडाळली जाते, ते ऑटोमॅटिक. काढून ठेवलं तर साधारण ४० तास चालतं, अलीकडची काही ७०-८० तासही.

तिसरा एक प्रकार लोक विसरतात: प्रकाशावर चालणारं क्वार्ट्झ. सिटिझनने १९७६मध्ये काट्यांचं असं पहिलं घड्याळ आणलं. डायलमधून आत जाणाऱ्या उजेडावर त्यातला सेल चार्ज होतो. ज्याला घड्याळाकडे लक्ष द्यायला वेळ नाही आणि बंद पडलेलं घड्याळही नको, त्याला मी पहिलं नाव याचंच सुचवतो.

महागडं मेकॅनिकल घड्याळ क्वार्ट्झपेक्षा अचूक असेलच ना?

नाही. साधं क्वार्ट्झ महिन्याला पंधराएक सेकंद मागे-पुढे होतं. मेकॅनिकल घड्याळांतली नामांकित परीक्षा म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या सीओएससी या संस्थेचं क्रोनोमीटर प्रमाणपत्र. तिथे पास व्हायला दिवसाला सरासरी उणे ४ ते अधिक ६ सेकंदांची मुभा आहे. दिवसाला! परवडणाऱ्या अनेक ऑटोमॅटिक मूव्हमेंटना, म्हणजे घड्याळाच्या आतल्या यंत्रांना, तर कारखान्याच्याच कागदावर उणे २० ते अधिक ४० सेकंदांची सूट असते.

तरी हे यंत्र कमी लेखू नका. दिवसात ८६,४०० सेकंद असतात. त्यात दहा सेकंदांची चूक म्हणजे शेकडा ०.०१२. सेल नाही, सर्किट नाही, फक्त स्प्रिंग आणि चाकं, आणि हे सगळं हलत्या हातावर. मेकॅनिकल घड्याळ घ्यायचं ते या करामतीसाठी. नुसती अचूक वेळ हवी असेल तर क्वार्ट्झ घ्या आणि निश्चिंत राहा.

माझ्या मनगटाला कोणत्या आकाराचं घड्याळ शोभेल?

जाहिरातीत केसचा, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचाचा, व्यास दिलेला असतो, ४० मिलिमीटर, ४२ मिलिमीटर वगैरे. पण घड्याळ मनगटावर बसतं की लटकतं, हे ठरतं दुसऱ्याच मापावर. पट्टा जिथे अडकतो तिथे केसला वर-खाली दोन-दोन शिंगं असतात, त्यांना लग म्हणतात. वरच्या शिंगाच्या टोकापासून खालच्या शिंगाच्या टोकापर्यंतची लांबी तुमच्या मनगटाच्या सपाट रुंदीपेक्षा कमी हवी.

हे मी चूक करून शिकलो. माझ्या मनगटाचा घेर साडेसोळा सेंटिमीटर. तरी एकदा उत्साहाच्या भरात ४४ मिलिमीटरचं जाड डायव्हर, म्हणजे पाण्यात बुडी मारणाऱ्यांसाठीचं घड्याळ, घेतलं. फोटोत देखणं दिसायचं. हातावर मात्र शिंगं दोन्ही कडांबाहेर डोकावायची, पट्टा तिथून सरळ खाली पडायचा आणि त्वचा नि पट्टा यांच्यामध्ये पेन्सिल जाईल एवढी फट राहायची. शर्टाची बाही दर वेळी त्याच्यावर येऊन अडायची. दोन महिन्यांनी ते मी माझ्याहून रुंद मनगटाच्या मित्राला दिलं. त्याच्या हातावर ते असं चपखल बसलं की घड्याळ तेच आहे हे पटेना.

ढोबळ अंदाज द्यायचा तर घेर १६ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ३४ ते ३८ मिलिमीटर, १६ ते १८ असेल तर ३६ ते ४०, त्याच्या वर असेल तर ४० ते ४४ बघा. बाहीखाली सहज जायचं असेल तर जाडी १२ मिलिमीटरच्या आत ठेवा. पांढरी डायल आणि बारीक कडा असलेलं घड्याळ त्याच मापाच्या काळ्या डायलच्या, जाड कडेच्या घड्याळापेक्षा मोठं दिसतं, हेही ध्यानात असू द्या. आणि फोटो मनगट डोळ्यांजवळ धरून काढू नका. आरशासमोर हात खाली सोडून उभे राहा. दुसऱ्यांना घड्याळ तसं दिसतं.

३०-३५ मिलिमीटरचं घड्याळ पुरुषाच्या हातावर लहान दिसेल का?

विसाव्या शतकाच्या मध्यात पुरुषांची बरीच घड्याळं ३३ ते ३६ मिलिमीटरचीच असत. आणि दुकानातल्या 'पुरुषांची' आणि 'स्त्रियांची' या पाट्यांकडे दुर्लक्ष करा. मनगट बघा, आवड बघा.

'३० मीटर वॉटर रेझिस्टंट' म्हणजे ३० मीटर खोल पाण्यात चालेल?

मुळीच नाही, आणि या एका गैरसमजाने जितकी घड्याळं गेली असतील तितकी क्वचितच दुसऱ्या कशाने गेली असतील. तो आकडा प्रयोगशाळेतल्या दाबाचा असतो. नवं घड्याळ, नवे रबरी वायसर, तापमान आटोक्यात. रोजच्या जगण्यात त्याचा अर्थ असा घ्या: ३० मीटर म्हणजे पाऊस आणि हात धुताना उडणारं पाणी. ५० मीटर म्हणजे पाण्याशी थोडी जवळीक, पण पोहायला मी ते नेणार नाही. १०० मीटर असेल तर बिनघोर पोहा. पाण्यात बुडी मारणाऱ्यांसाठीच्या घड्याळांना आयएसओ ६४२५ हे वेगळं मानक लागू होतं, त्यात किमान १०० मीटर तर लागतंच, शिवाय अंधारात वाचता येणं, धक्का सोसणं अशा इतर कसोट्याही असतात. अशा बहुतेक घड्याळांवर २०० मीटर लिहिलेलं दिसेल.

दोन गोष्टी आकड्याच्याही वर. एक, गरम पाणी आणि साबण. उष्णतेने रबर लवकर कडक होतं आणि वाफ जिथे पाणी जात नाही तिथेही शिरते. म्हणून आंघोळीला घड्याळ काढा, २०० मीटरचं असलं तरी. दुसरी गोष्ट म्हणजे बाजूची चावी. ती फिरवून बसवायची असेल तर पाण्यात जाण्याआधी पूर्ण घट्ट केली आहे ना, हे बोटाने चाचपा. अर्धवट उघडी राहिली की संपलं. काचेच्या आतून बाष्पाचा छोटा गोल दिसायला लागला तर घड्याळ वाळवत उन्हात ठेवू नका. त्याच दिवशी ते दुरुस्तीला द्या, कारण आतली पोलादी चाकं गंजायला वेळ लागत नाही.

काच कोणती घ्यावी?

सफायर, परवडत असेल तर. ही कृत्रिम नीलम असते, मोह्सच्या कठीणता-मापनात तिचा क्रमांक ९, हिऱ्याच्या लगेच खाली. धुळीत आणि भिंतींच्या प्लास्टरमध्ये वाळूचे कण असतात, त्यांची कठीणता ७. साधी मिनरल काच त्याखाली, म्हणून तिच्यावर दोन-तीन वर्षांत ओरखड्यांचं जाळं उमटतं. सफायरवर ते उमटत नाही. पण कठीण म्हणजे न फुटणारी नव्हे. जोरात कडेवर आपटली तर तिचा टवका उडू शकतो.

ॲक्रिलिकला, म्हणजे एक प्रकारच्या प्लास्टिकला, नाकं मुरडू नका. ओरखडे पटकन पडतात खरे, पण पॉलिशने घासून निघतातही, आणि आपटल्यावर त्याच्या ठिकऱ्या होत नाहीत. १९६९ साली चंद्रावर बझ ऑल्ड्रिनच्या हातात जे ओमेगा स्पीडमास्टर होतं, त्याची काच ॲक्रिलिकचीच होती.

घड्याळ हातात घेतल्यावर दर्जा कसा ओळखायचा?

घाई करू नका, पाच मिनिटं मागून घ्या. चावी ओढून वेळ लावून बघा. मिनिटकाटा एका मिनिटाच्या रेघेवर आणून चावी सोडताना तो उडी मारतो का, मागे-पुढे लटपटतो का? चांगल्या घड्याळात बोटाला चिकट नव्हे पण भरीव असा विरोध जाणवतो.

मग फोनचा कॅमेरा मोठा करून डायल बघा. अक्षरांच्या कडा धारदार आहेत की शाई पसरली आहे? तारखेचा आकडा खिडकीच्या बरोबर मधोमध आहे का? काट्यांच्या कडा कापल्यासारख्या स्वच्छ आहेत की खरबरीत? मिनिटकाटा बाहेरच्या मिनिटांच्या रेघांपर्यंत पोहोचतो का? हे शेवटचं मी कधी सोडत नाही. काटे आखूड पडले असतील तर समजा की दुसऱ्या मापाच्या घड्याळाचे तयार काटे उचलून बसवले आहेत. तसंच तारखेची खिडकी डायलच्या कडेपासून दूर, मध्याकडे सरकलेली दिसली, तर मोठ्या केसमध्ये लहान मूव्हमेंट घातली आहे.

क्वार्ट्झ असेल तर सेकंदकाटा रेघांवर बरोबर पडतो का, ते पूर्ण फेरीभर बघा. एखाद-दुसऱ्या ठिकाणी केसभर फरक चालतो.

केस उजेडात तिरकी धरा. जिथे घासलेला, मॅट पोलाद आणि चकचकीत पोलाद एकत्र येतात, ती रेघ बघा. नेटक्या कामात ती सुरीने ओढल्यासारखी असते, हलक्या कामात दोन्ही पृष्ठभाग एकमेकांत विरघळलेले दिसतात. शेवटी चेन हलवा. पत्रा दुमडून केलेल्या कड्या खुळखुळतात आणि हातावरचे केस ओढतात, भरीव कड्यांचा आवाज खालच्या पट्टीत असतो.

डायलवर '२१ ज्वेल्स', '२५ ज्वेल्स' लिहिलेलं असतं. जास्त म्हणजे चांगलं?

हे खडे म्हणजे चाकांच्या आसांखाली घर्षण कमी करायला बसवलेली कृत्रिम माणकं. दागिना म्हणून त्यांना काही मोल नाही. हाताने चावी द्यायच्या साध्या घड्याळाला १७ पुरतात, ऑटोमॅटिकला थोडे अधिक लागतात. त्यापुढच्या आकड्यावर भुलू नका.

'स्विस मेड' असेल तर डोळे मिटून घ्यावं का?

'स्विस मेड' ही कायद्याने बांधलेली खूण आहे. २०१७पासून नियम असा की मूव्हमेंट स्विस हवी, ती केसमध्ये स्वित्झर्लंडमध्येच बसवलेली हवी, अंतिम तपासणी तिथेच हवी आणि उत्पादनखर्चाचा किमान ६० टक्के भाग तिथला हवा. म्हणजे उरलेला भाग बाहेरून येऊ शकतो. खूण खोटी नाही, पण दर्जाची सगळी हमीही त्यात नाही. सेइको, सिटिझन यांसारख्या जपानी कंपन्या आपल्या मूव्हमेंट स्वतः बनवतात आणि त्याच किमतीत अनेकदा जास्त देतात.

पैसे वसूल होणं म्हणजे नेमकं काय बघायचं?

आत कोणती मूव्हमेंट आहे ते विचारा. विक्रेत्याला नाव सांगता आलं नाही तर माहितीपत्रकात शोधा. सेइकोची एनएच३५, मियोटाची ९०१५, ईटीएची २८२४, सेलिटाची एसडब्ल्यू२०० ही वारंवार भेटणारी नावं. जगभर त्यांचे सुटे भाग मिळतात आणि कारागिरांना त्या पाठ असतात. एकच मूव्हमेंट तीन वेगवेगळ्या ब्रँडच्या, तीन वेगवेगळ्या किमतींच्या घड्याळांत सापडते. मग जास्तीचे पैसे केस, काच, डायल आणि चेनच्या कामात गेलेत की नुसत्या नावात, हे वरच्या पाच मिनिटांत कळतं.

कपड्यांच्या किंवा पर्सच्या ब्रँडखाली विकल्या जाणाऱ्या घड्याळांबद्दल माझं मत कडक आहे. त्यांतल्या पुष्कळांत अगदी साधी क्वार्ट्झ मूव्हमेंट आणि मिनरल काच असते, आणि बाकीची किंमत नावाची. डिझाइन मनापासून आवडलं असेल तर जरूर घ्या, पण टिकाऊपणासाठी पैसे मोजतो आहोत असं समजून घेऊ नका. याउलट १९८९मध्ये आलेलं कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू बघा. प्लास्टिकचं, वजन जाणवतही नाही, एका सेलवर वर्षानुवर्षं चालतं. किमतीच्या मानाने त्याच्याइतकं प्रामाणिक घड्याळ मला दुसरं माहीत नाही.

सोनेरी घड्याळाचा रंग जातो का?

मुलामा असेल तर जातो, प्रश्न किती वर्षांनी एवढाच. आधी कडा आणि शिंगांच्या खालची बाजू उघडी पडते, कारण तिथे घाम आणि कापड घासतं. पीव्हीडी पद्धतीचा, म्हणजे धातूची वाफ जमवून चढवलेला, लेप साध्या मुलाम्यापेक्षा चांगला टिकतो. रोजच्या वापराला मी साधं स्टेनलेस स्टील घेईन. निकेलची ॲलर्जी असेल तर टायटॅनियम, ते स्टीलपेक्षा जवळजवळ निम्म्या वजनाचं असतं.

चामड्याचा पट्टा की चेन?

चेन असलेलं घ्या आणि चामड्याचा पट्टा वेगळा आणा, कारण चामड्याच्या घड्याळाला नंतर त्याच केसची नेमकी चेन मिळवणं महागात जातं. मात्र दोन शिंगांमधलं अंतर १८, २० किंवा २२ मिलिमीटर असेल असं बघा, म्हणजे पट्टे कुठेही मिळतील. कंपनीचा स्वतःचाच विचित्र खाचेचा पट्टा लागणार असेल तर दोनदा विचार करा. तो पट्टा बनवणं थांबलं की चांगलं चालणारं घड्याळ कपाटात जातं. घाम खूप येणाऱ्यांनी रबर किंवा नायलॉन वापरावं. चामडं घामाने कुजतं आणि वास धरतं.

एकच घड्याळ घ्यायचं आहे, सगळीकडे चालेल असं. काय घेऊ?

३६ ते ३९ मिलिमीटर, स्टील, सफायर काच, १०० मीटर, काळी, पांढरी किंवा गडद निळी साधी डायल, ठळक काटे. कामावर, प्रवासात, समारंभात सगळीकडे निभावतं, पट्टा बदलला की रूपही बदलतं. छोट्या तबकड्यांनी भरलेली क्रोनोग्राफ देखणी असतात, पण स्टॉपवॉच तुम्ही खरंच वापराल का, हे स्वतःला विचारा. मेकॅनिकल क्रोनोग्राफची सर्व्हिसिंग साध्या घड्याळापेक्षा बरीच महाग पडते.

वापरलेलं घड्याळ घेणं शहाणपणाचं आहे का?

हो, विकणारा माणूस पारखता आला तर. मागचं झाकण उघडून आतला फोटो मागा. कंपनीने त्या मॉडेलमध्ये जी मूव्हमेंट घातली होती, तीच आत आहे ना, हे पडताळा. जुन्या घड्याळाची डायल अगदी नवी कोरी दिसत असेल तर ती पुन्हा रंगवलेली असण्याची शक्यता मोठी, आणि अक्षरं वेडीवाकडी असतील तर खात्रीच. केसच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्या असतील तर पॉलिशच्या चाकावर तिचं बरंच पोलाद गेलं आहे. शेवटची सर्व्हिसिंग कधी झाली याचा कागद नसेल तर तो खर्च किमतीत धरून बोला.

घड्याळ म्हणजे गुंतवणूक, हे खरं का?

मोजकी मॉडेल सोडली तर नाही. बहुतेक घड्याळांची किंमत दुकानातून बाहेर पडताच उतरते. घालायला घ्या.

माझं ऑटोमॅटिक अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे पळायला लागलं. बिघडलं का?

बहुधा चुंबकत्व लागलं आहे. स्पीकर, बॅगेचं चुंबकी बटण, टॅबलेटचं कव्हर, यांच्याजवळ राहिलं की आतल्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ धावायला लागतं. होकायंत्राजवळ घड्याळ धरा. सुई खेचली जात असेल तर निदान झालं. कारागिराकडच्या छोट्या यंत्राने हे काही सेकंदांत निघतं, घड्याळ उघडावंही लागत नाही.

रात्री तारीख बदलू नये म्हणतात, ते का?

साधारण रात्री ९ ते पहाटे ३ या वेळात तारखेचं चाक आतल्या दात्यांत गुंतलेलं असतं. तेव्हा हाताने तारीख ढकलली तर दाता मोडू शकतो. आधी काटे फिरवून डायलच्या खालच्या बाजूला, सहाच्या आकड्याजवळ आणा, मग तारीख लावा.

सर्व्हिसिंग किती वर्षांनी करायची, आणि वापरात नसलेलं घड्याळ कसं ठेवायचं?

मेकॅनिकल घड्याळ पाच ते सात वर्षांनी उघडून, धुऊन, नवं तेल घालून घ्यावं. वेळ नीट दाखवत असलं तरी तेल सुकलेलं असू शकतं, आणि सुक्या आसावर चाक फिरत राहिलं की झीज सुरू होते. क्वार्ट्झचा सेल दोन-तीन वर्षं टिकतो. काही घड्याळांत तो संपत आला की सेकंदकाटा दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारायला लागतो, तो इशारा समजा. सेल बदलताना रबरी वायसरही बदलायला सांगा आणि पाण्याची चाचणी करून घ्या.

संपलेला सेल मात्र आत कधीही राहू देऊ नका. एका नातेवाइकांनी वडिलांचं क्वार्ट्झ घड्याळ खणात जपून ठेवलं होतं, मखमली डबीत, काचेवर ओरखडासुद्धा नाही. मी झाकण उघडलं तर सेलच्या कडेने पांढरट-हिरवी पूड साचलेली, आणि तिच्याखाली सर्किटवरची तांब्याची रेघ खाऊन गेलेली. ती मूव्हमेंट आता बनत नाही. तेव्हापासून ठेवणीत जाणाऱ्या प्रत्येक क्वार्ट्झचा सेल मी आधी काढून घेतो आणि त्याचा नंबर चिठ्ठीवर लिहून घड्याळासोबत डबीत ठेवतो.